केर, क्लार्क

(१७ मे १९११–१ डिसेंबर २००३). अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ, औद्योगिक संबंधांचे अभ्यासक व लवाद, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बारावे अध्यक्ष (१९५८–६७) आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उच्च शिक्षणाच्या विस्ताराचे एक प्रमुख शिल्पकार. उच्च शिक्षण सर्वांस खुले असावे आणि ते उत्कृष्टही असावे, या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. कॅलिफोर्निया राज्यात १९६० मध्ये कायद्याने संमत झालेल्या उच्च शिक्षणाच्या महायोजनेने या दोहोंचा मेळ घालण्याचा जो प्रयत्न केला, तो मुख्यत्वे केर यांच्या कर्तृत्वाचे फळ होय. ज्या मध्यस्थीच्या कौशल्यावर ही योजना उभी राहिली, ते कौशल्य मात्र १९६४ च्या विद्यार्थी आंदोलनात अपुरे पडले आणि १९६७ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यामुळे केर यांचे चरित्र हे एका कर्तबगार प्रशासकाच्या चरित्रापुरते मर्यादित राहत नाही. विद्यापीठाची स्वायत्तता नेमकी कोणाच्या बळावर टिकते, हा प्रश्न त्यात सतत डोकावत राहतो.

विद्यापीठीय पदांच्या नावांसंबंधी प्रारंभीच थोडे स्पष्टीकरण करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात आणि प्रत्यक्ष कारभार कुलगुरू पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे एकच विद्यापीठ असले, तरी ते अनेक गावी वसलेल्या स्वतंत्र विद्यापीठकेंद्रांचे बनलेले आहे. बर्कली, लॉस अँजेल्स, डेव्हिस, सान्ता बार्बरा इ. केंद्रांच्या प्रमुखास तेथे ‘चॅन्सेलर’ म्हणतात. तो आपल्याकडील कुलपतींप्रमाणे मानाचा धनी नसून प्रत्यक्ष कार्यकारी अधिकारी असतो. सर्व केंद्रांचा मिळून जो प्रमुख, तो ‘प्रेसिडेंट’ म्हणजे अध्यक्ष. त्याच्याही वर रीजंट मंडळ हे नियामक मंडळ असते. केर यांच्या काळात या मंडळात २४ सभासद होते. त्यांपैकी १६ गव्हर्नरने प्रत्येकी १६ वर्षांसाठी नेमलेले आणि ८ पदसिद्ध. खुद्द गव्हर्नर हा मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष असे. विद्यापीठाची स्थापना १८६८ ची असून १८७९ च्या राज्यघटनेने त्यास सार्वजनिक न्यासाचा दर्जा दिला व राजकीय हस्तक्षेपापासून ते मुक्त राहावे अशी तरतूद केली. सभासदांची मुदत एवढी दीर्घ ठेवण्यामागील हेतूही तोच होता. हा हेतू कितपत साधला, हे पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

केर यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग शहराजवळच्या स्टोनी क्रीक या खेड्यात झाला. वडील सॅम्युएल हे सुशिक्षित, बहुभाषी गृहस्थ. ते सफरचंदाची शेती करीत व अध्यापनही करीत. एखाद्या ठरावावर सगळ्यांचे एकमत झाले, की केवळ तेवढ्याच कारणासाठी त्याविरुद्ध उभे राहावे, असा त्यांचा बाणा होता. आई कॅरोलाइन यांचे शिक्षण सहाव्या इयत्तेपर्यंतच झाले होते. त्या स्त्रियांच्या टोप्या तयार करण्याचा व्यवसाय करीत आणि भावी मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणापुरती पुंजी साठेपर्यंत त्यांनी लग्न लांबणीवर टाकले होते. केर यांनी स्वार्थमोअर महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेतली. याच काळात ते क्वेकर पंथाकडे आकृष्ट झाले. या पंथात सभेचे निर्णय मतदानाने न घेता सर्वांचे मन वळेपर्यंत विचारविनिमय करून घेण्याची रीत आहे. केर यांच्या पुढील कार्यपद्धतीवर तिचा ठसा स्पष्ट दिसतो. पदवीनंतरच्या उन्हाळ्यात शांततेच्या प्रचारासाठी निघालेल्या क्वेकर तरुणांच्या पथकातून ते कॅलिफोर्नियात आले आणि तेथेच रमले. स्टॅनफर्ड विद्यापीठाची एम्.ए. (१९३३) व बर्कली येथील पीएच्.डी. (१९३९) या पदव्या त्यांनी संपादन केल्या. १९३४ मध्ये कॅथरीन स्पॉल्डिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सॅन फ्रान्सिस्को उपसागराचे भराव घालून होणारे आकुंचन थांबविण्यासाठी १९६१ मध्ये सुरू झालेल्या चळवळीच्या संस्थापिकांपैकी त्या एक होत.

केर यांचे अर्थशास्त्र ग्रंथालयात कमी आणि शेतांत व कारखान्यांत अधिक घडले. महामंदीच्या काळात बेकारांनी स्वतः चालविलेल्या सहकारी उत्पादक संस्था हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९३३ मध्ये सान वाकीन खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या मजुरांचा मोठा संप झाला. त्याचा साद्यंत वृत्तांत त्यांनी आपले मार्गदर्शक पॉल टेलर यांच्यासमवेत जमविला. पुढे सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापन करीत असताना (१९४०–४५) युद्धकालीन कामगार मंडळाच्या कामात ते शिरले आणि लवाद म्हणून त्यांची ख्याती झाली. मालक व कामगार यांच्यामधील शेकडो तंटे त्यांनी हाताळले. पॅसिफिक किनाऱ्यावरील गोदी कामगारांसारख्या कडव्या संघटनांशीही त्यांचा संबंध आला. दोन्ही पक्षांस थोडेथोडे असमाधान देणारा, परंतु दोघांनाही नाकारता न येणारा निवाडा शोधून काढणे, ही लवादाची विद्या. ती त्यांनी या काळात पूर्णपणे आत्मसात केली. १९४५ मध्ये बर्कली येथे नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक संबंध संस्थेचे संचालक म्हणून त्यांना बोलावण्यात आले.

विद्यापीठाच्या राजकारणात त्यांचे नाव पुढे आले ते निष्ठाशपथेच्या प्रकरणामुळे. साम्यवादाच्या भीतीने ग्रासलेल्या त्या काळात, मार्च १९४९ मध्ये, रीजंट मंडळाने सर्व अध्यापकांवर साम्यवादी पक्षाशी आपला संबंध नसल्याची शपथ घेण्याची सक्ती केली. अनेक अध्यापकांनी ती नाकारली. त्यांत साम्यवादी असल्यामुळे नाकारणारा जवळजवळ कोणी नव्हता. आपल्या विचारांची झडती घेण्याचा अधिकार मालकास नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. केर यांनी स्वतः शपथेवर सही केली होती. परंतु अध्यापकांच्या हक्कविषयक समितीचे सभासद या नात्याने त्यांनी सही न करणाऱ्यांचा पक्ष रीजंटांपुढे निर्भीडपणे मांडला. ऑगस्ट १९५० मध्ये ३१ अध्यापकांना बडतर्फ करण्यात आले. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला; हा खटला मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन यांच्या नावाने ओळखला जातो. केर अध्यक्ष असताना बर्कली येथील मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांच्या नव्या इमारतीस याच टोलमन यांचे नाव देण्यात आले. या प्रकरणातून केर यांना अध्यापकवर्गाचा विश्वास लाभला. त्याचबरोबर काही रीजंटांचा आणि सुरक्षा यंत्रणांचा कायमचा संशयही त्यांच्या वाट्याला आला. यांतील कोणती प्राप्ती अधिक टिकाऊ ठरली, हे सांगणे कठीण आहे.

१९५२ मध्ये बर्कली केंद्रास प्रथमच चॅन्सेलर नेमण्यात आला व ते पद केर यांना मिळाले. तत्कालीन अध्यक्ष रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल (कार. १९३०–५८) हे सर्व सूत्रे आपल्या हाती ठेवणारे होते, त्यामुळे चॅन्सेलरास पद होते, पण अधिकार फारसे नव्हते. केर यांनी मिळालेल्या अवकाशात वसतिगृहे, विद्यार्थी केंद्र व दीर्घकालीन वास्तुयोजना यांकडे लक्ष पुरविले. १ जुलै १९५८ रोजी ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी प्रथम जे केले, ते म्हणजे अध्यक्षाकडील पुष्कळसे अधिकार केंद्रांकडे सोपविले.

महायोजना : केर अध्यक्ष झाले, त्या वेळी कॅलिफोर्नियापुढे एक गणिती स्वरूपाचे संकट उभे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी १९६४ च्या सुमारास महाविद्यालयांच्या दारात येऊन ठाकणार होती, आणि राज्यात बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांची भर तर पडतच होती. उच्च शिक्षणाच्या सार्वजनिक संस्था तीन प्रकारच्या होत्या : संशोधन व डॉक्टरेट यांचे अधिकार असलेले कॅलिफोर्निया विद्यापीठ; मूळच्या अध्यापक विद्यालयांतून वाढलेली राज्य महाविद्यालये; आणि स्थानिक जिल्ह्यांनी चालविलेली दोन वर्षांची कनिष्ठ महाविद्यालये. राज्य महाविद्यालयांना संशोधनाचा व डॉक्टरेटचा अधिकार हवा होता. विद्यापीठास ती आपली मक्तेदारी सोडायची नव्हती. विधिमंडळातील प्रत्येक प्रतिनिधीस आपापल्या मतदारसंघात एक नवे महाविद्यालय हवे होते आणि तशी विधेयकेही दाखल होत होती. हे असेच चालू राहिले असते, तर पैसा सर्वत्र थोडाथोडा वाटला जाऊन एकही संस्था धडपणे उभी राहिली नसती.

विधानसभेच्या सदस्या डॉरथी डोनाहो यांनी १९५९ मध्ये एक ठराव मांडून संस्थांनी आपसांत योजना तयार करावी, असे सुचविले. विधिमंडळाने वरून निर्णय लादण्यापूर्वी संस्थांना स्वतः एकत्र येण्याची ही शेवटची संधी होती, आणि केर यांनी ती ओळखली. ऑक्सिडेंटल महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर कून्स यांच्या नेतृत्वाखाली एक पाहणी समिती नेमण्यात आली. राज्य महाविद्यालयांची बाजू ग्लेन डम्की मांडत होते. वर्षअखेरीस वाटाघाटी फिसकटण्याच्या बेतास आल्या. तेव्हा केर यांनी जो तोडगा पुढे केला, तो खास लवादाचा होता : डॉक्टरेट देण्याचा अधिकार विद्यापीठाकडेच राहावा, परंतु राज्य महाविद्यालयांना विद्यापीठासमवेत संयुक्त डॉक्टरेट देता यावी. एका पक्षास तत्त्व मिळाले, दुसऱ्यास मार्ग मिळाला. प्रत्यक्षात संयुक्त डॉक्टरेट फारशा दिल्या गेल्या नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. १८ डिसेंबर १९५९ रोजी रीजंट मंडळ व राज्य शिक्षण मंडळ यांनी योजनेस मान्यता दिली. तिला कायद्याचे रूप येण्यास थोडेच दिवस असताना डोनाहो यांचे निधन झाले. म्हणून कायद्यास त्यांचे नाव देण्यात आले. एप्रिल १९६० मध्ये गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्यावर सही केली.

योजनेचा गाभा थोडक्यात असा : माध्यमिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी गुणानुक्रमे वरच्या १२·५ टक्के विद्यार्थ्यांस विद्यापीठात व वरच्या ३३·३ टक्के विद्यार्थ्यांस राज्य महाविद्यालयांत प्रवेशाची पात्रता, कनिष्ठ महाविद्यालये मात्र शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकास खुली. कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षे चांगल्या तऱ्हेने पूर्ण करणाऱ्यास पुढे विद्यापीठात वा राज्य महाविद्यालयात तिसऱ्या वर्षास प्रवेश घेता यावा, अशी वाट ठेवलेली होती. राज्यातील रहिवाशांकडून शिकवणी शुल्क घेऊ नये, हे जुने तत्त्वही कायम राखण्यात आले. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या योजनेने विद्यापीठाचा प्रवेश पूर्वीपेक्षा अधिक कठीण केला. पूर्वी वरचे सुमारे १५ टक्के विद्यार्थी विद्यापीठास पात्र ठरत. राज्य महाविद्यालयांची मर्यादा तर याहूनही सैल होती. शिखराकडे जाणारा दरवाजा अरुंद करून पायथ्याचा दरवाजा पूर्ण उघडावयाचा आणि दोहोंच्या मध्ये जिना ठेवावयाचा, अशी ही रचना होती. सारे काही त्या जिन्यावर अवलंबून होते. तो जेथे वापरात राहिला, तेथे योजना न्याय्य ठरली. जेथे गरीब व वांशिक अल्पसंख्य विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयांतच अडकून पडले, तेथे ती प्रतिष्ठेची उतरंड कायद्याने पक्की करणारी ठरली. ही टीका १९६० नंतरच्या प्रत्येक दशकात होत आली आहे व ती निराधार नाही. तथापि योजनेपूर्वीची व्यवस्था अधिक समतेची होती, असे म्हणता येत नाही.

योजनेची आर्थिक बाजू प्रथम ढासळली. १९७० मध्ये विद्यापीठात ‘शैक्षणिक शुल्क’ या नावाने आकारणी सुरू झाली आणि मोफत शिक्षणाचे तत्त्व नावापुरते उरले. पुढे तेही गेले. डॉक्टरेटसंबंधीची सीमारेषाही कालांतराने पुसट झाली. राज्य महाविद्यालयांचे रूपांतर झालेल्या कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठास २००५ मध्ये शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट स्वतंत्रपणे देण्याची मुभा मिळाली. तीन स्तरांची मूळ चौकट मात्र टिकून राहिली व जगातील अनेक देशांनी तिचा अभ्यास केला.

भारतातील वाचकास या ठिकाणी कोठारी आयोगाची (१९६४–६६) आठवण होणे साहजिक आहे. त्या आयोगापुढेही विस्तार व गुणवत्ता यांचा हाच पेच होता. निवडक पाच-सहा विद्यापीठे जागतिक दर्जाची करावी, ही त्याची शिफारस सुप्रसिद्ध आहे. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते आणि परदेशी सदस्यांमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्राच्या उभारणीत पुढाकार घेणारे सागरवैज्ञानिक रॉजर रेव्हेल यांचा समावेश होता. त्या शिफारशीला आपल्याकडे मान्यता मिळाली नाही. थोड्या विद्यापीठांना झुकते माप देताना इतरांच्या पदरात काय पडणार, याचे उत्तर तिच्या विरोधकांना मिळाले नाही. कॅलिफोर्नियात हे उत्तर योजनेतच लिहिलेले होते. अर्थात तेथे पैसा होता, हा भेदही विसरता कामा नये. मुंबई विद्यापीठासारखी (१८५७) आपली जुनी विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी व महाविद्यालये संलग्न करून घेणारी म्हणून जन्माला आली. त्यांत स्तरांची अशी वाटणी करणे मुळातच अवघड होते.

महायोजनेबरोबर विद्यापीठाचा भौगोलिक विस्तारही झाला. सॅन डिएगो, अर्व्हाइन व सान्ता क्रूझ ही तीन नवी केंद्रे केर यांच्या काळात उभी राहिली. यांपैकी शेवटची दोन १९६५ मध्ये उघडली. सान्ता क्रूझ हे त्यांचे विशेष आवडते केंद्र. आपला स्टॅनफर्डमधील सहाध्यायी डीन मकहेन्री यांच्या हाती त्यांनी ते सोपविले. विद्यापीठ मोठे होत असतानाही विद्यार्थ्यास ते लहान वाटावे, यासाठी तेथे रेडवुडच्या जंगलात लहानलहान निवासी महाविद्यालयांचा समूह रचण्यात आला. बर्कलीसारख्या विशाल विद्यापीठात पदवीपूर्व विद्यार्थी पोरका होतो, याची जाणीव केर यांना पूर्वीच झाली होती, याचा हा पुरावा होय.

तीच जाणीव त्यांच्या सर्वाधिक गाजलेल्या द यूसेस ऑफ द युनिव्हर्सिटी (१९६३) या पुस्तकातही आढळते. हार्व्हर्ड विद्यापीठात दिलेल्या गॉडकिन व्याख्यानांतून हे पुस्तक सिद्ध झाले. आधुनिक विद्यापीठ हा गुरुशिष्यांचा एकजीव समुदाय राहिलेला नाही. ते अनेक समुदायांचे, परस्परांशी कधी मेळ असलेले तर कधी झगडणारे, एक शहरच बनले आहे, असे त्यांनी प्रतिपादिले व त्यास ‘मल्टिव्हर्सिटी’ हा शब्द रूढ केला. बहुविद्यापीठ असा त्याचा मराठी पर्याय करता येईल. ज्ञान हा आता राष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा कणा झाला असून विद्यापीठ शासन, उद्योग व संरक्षण यांच्याशी बांधले गेले आहे, असेही त्यांनी दाखवून दिले. हे वर्णन होते, समर्थन नव्हे, असे केर पुढे वारंवार सांगत राहिले. पण वर्णन इतके थंड डोक्याने केलेले होते, की वाचकास ते समर्थन वाटावे. अध्यापक संशोधनात गुंतल्यामुळे विद्यार्थ्यांची उपेक्षा होते व त्यातून त्यांचे बंड उद्भवू शकते, हा इशाराही त्याच पुस्तकात आहे. तो लेखकाने स्वतः पुरेसा मनावर घेतला नाही.

भाषणस्वातंत्र्याची चळवळ : केर हे प्रशासक म्हणून उदारमतवादी गणले जात. १९६२ मध्ये विद्यार्थ्यांवरील सक्तीचे लष्करी शिक्षण ऐच्छिक करण्यात आले आणि १९६३ मध्ये साम्यवादी वक्त्यांवरील जुनी बंदी त्यांनी रीजंटांकडून उठवून घेतली. याबद्दल अमेरिकन विद्यापीठ प्राध्यापक संघटनेने १९६४ मध्ये त्यांना विद्यास्वातंत्र्यासाठीचे मायकलजॉन पारितोषिक दिले. त्याच वर्षाच्या शरदऋतूत बर्कलीचे विद्यार्थी त्यांच्याविरुद्ध उठले. या योगायोगाचे मूळ केर यांच्या एका ठाम समजुतीत होते : विद्यापीठात कोणताही विचार ऐकता यावा, परंतु विद्यापीठ हे राजकीय कृतीचे तळ होऊ नये. विचार आणि कृती यांच्यामध्ये अशी रेघ ओढता येते, असे त्यांना वाटे. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी उन्हाळाभर जिवाची जोखीम पत्करून परतलेल्या विद्यार्थ्यांना ती रेघ मान्य होणे शक्य नव्हते.

बर्कलीच्या दक्षिण प्रवेशद्वाराशी बँक्रॉफ्ट व टेलिग्राफ या रस्त्यांच्या मिलनस्थानी फरसबंदीचा एक पट्टा होता. विद्यार्थी संघटना तेथे मेज मांडून वर्गणी गोळा करीत व कार्यकर्ते जमवीत. ही जागा नगरपालिकेची आहे, असा समज होता. ती विद्यापीठाची असल्याचे आढळताच सप्टेंबर १९६४ च्या मध्यास तेथील राजकीय कार्य बंद करण्याचा आदेश निघाला. केर त्या वेळी परदेश दौऱ्यावर होते. परतल्यावर हा आदेश चुकीचा असल्याचे त्यांचे मत झाले, तरी चॅन्सेलर एडवर्ड स्ट्राँग यांचा निर्णय त्यांनी फिरविला नाही. अधिकारांचे विकेंद्रीकरण आपणच केले असल्यामुळे त्यात हात घालणे त्यांना अप्रशस्त वाटले असावे. पुढील आठवणींत त्यांनी याबद्दल खंत व्यक्त केली आहे. १ ऑक्टोबर रोजी मेज मांडून बसलेल्या जॅक वाइनबर्ग यास अटक झाली. पोलिसांच्या ज्या मोटारीत त्यास बसविले, तिच्याभोवती शेकडो विद्यार्थ्यांनी बैठक मारली. ३२ तास मोटार जागची हलली नाही आणि तिच्या टपावर चढून वक्त्यामागून वक्ता बोलत राहिला. २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी केर यांनी विद्यार्थी प्रतिनिधींशी करार केला. त्यावर सही करणाऱ्यांत मारिओ सॅव्हिओ हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. आंदोलनाचा आवाज म्हणून तोच पुढे ओळखला गेला.

करार हे लवादाचे यश होते, परंतु ते टिकले नाही. मालक-कामगार तंट्यात दोन्ही पक्षांस वेतन व तास यांचा हिशेब करता येतो, अर्धे देऊन अर्धे घेता येते. विद्यार्थी जे मागत होते, त्याचे अर्धे करणे शक्य नव्हते. आणि रीजंट मंडळातील कठोर गटासही अर्धे द्यावयाचे नव्हते. शिवाय विद्यार्थी ज्या पुस्तकाच्या आधारे केर यांस ज्ञानाच्या कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून रंगवीत होते, ते पुस्तक त्यांचेच होते. हॅल ड्रेपर यांच्या ‘द माइंड ऑफ क्लार्क केर’ या पुस्तिकेने ही प्रतिमा सर्वदूर नेली. नोव्हेंबरच्या अखेरीस सॅव्हिओ व इतर पुढाऱ्यांवर जुन्या घटनांबद्दल नव्याने शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. २ डिसेंबर रोजी विद्यार्थ्यांनी स्प्राउल हॉल ही प्रशासकीय इमारत व्यापली. गव्हर्नर ब्राउन यांच्या आदेशावरून पोलिसांनी सुमारे ८०० जणांना अटक केली. ७ डिसेंबर रोजी ग्रीक नाट्यगृहात केर यांनी हजारो विद्यार्थी-अध्यापकांपुढे तडजोडीची भूमिका मांडली. सभा संपताच बोलण्यासाठी व्यासपीठावर गेलेल्या सॅव्हिओला पोलिसांनी सर्वांदेखत ओढत नेले. केर यांच्या भाषणाचा जो काही परिणाम झाला असेल, तो त्या एका दृश्याने पुसला गेला. दुसऱ्या दिवशी अध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठराव केला, की भाषणाच्या आशयावर विद्यापीठाने कोणतेही बंधन घालू नये. त्याच महिन्यात रीजंटांनीही घटनेने दिलेल्या हक्कांपलीकडे निर्बंध न घालण्याचे तत्त्व मान्य केले.

पदच्युती : यानंतर केर यांचे आसन दोन्ही बाजूंनी डळमळीत झाले. विद्यार्थ्यांच्या लेखी ते दडपशाहीचे प्रतीक होते, तर सनातनी रीजंटांच्या लेखी विद्यार्थ्यांना सामील झालेले दुबळे प्रशासक. मार्च १९६५ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला व नंतर मागे घेतला. १९६६ च्या निवडणुकीत गव्हर्नरपदाचे उमेदवार रॉनल्ड रेगन यांनी बर्कलीतील गोंधळ हा प्रचाराचा मोठा मुद्दा केला व ते विजयी झाले. सत्तेवर येताच त्यांनी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात कपात व शिकवणी शुल्काची आकारणी सुचविली. उत्तरादाखल केर यांनी नव्या प्रवेशांचे काम काही काळ थांबविले. २० जानेवारी १९६७ रोजी, रेगन गव्हर्नर झाल्यानंतरच्या रीजंटांच्या पहिल्याच बैठकीत, केर यांना १४ विरुद्ध ८ मतांनी तत्काळ पदमुक्त करण्यात आले. आपण आलो तसेच चाललो आहोत, हे सांगताना इंग्रजीतील ‘फायर्ड’ या शब्दाच्या दोन अर्थांवर (उत्साहाने पेटलेला व नोकरीतून काढलेला) त्यांनी केलेला श्लेष अमेरिकेच्या शैक्षणिक वर्तुळात अजूनही सांगितला जातो.

सोळा वर्षांच्या मुदतींनी बांधलेली भिंत अशा रीतीने एका निवडणुकीच्या लाटेपुढे उभी राहू शकली नाही. अर्थात दोष केवळ त्या लाटेचा होता, असे म्हणणे एकांगी होईल. स्वायत्ततेचे रक्षण करण्यास ज्या दोन पक्षांनी अध्यक्षाच्या पाठीशी उभे राहावयाचे, त्या विद्यार्थी व अध्यापकांचा केर यांच्यावरील विश्वास तोवर बराचसा ओसरला होता.

या प्रकरणाची दुसरी बाजू केर यांच्या अखेरच्या वर्षांत उजेडात आली. माहितीच्या अधिकाराखाली एका पत्रकाराने अनेक वर्षे चालविलेल्या दाव्यांमुळे केंद्रीय अन्वेषण संस्थेची (एफ.बी.आय.) कागदपत्रे खुली झाली व २००२ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या दैनिकाने प्रसिद्ध केली. संस्थेचे संचालक जे. एडगर हूव्हर यांनी केर यांच्याविरुद्ध प्रतिकूल माहिती जमा करविली होती आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यांना आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्रिपद देण्याच्या विचारात असताना जो अहवाल पाठविला, त्यात खोटे असल्याचे आधीच आढळलेले आरोपही घातले होते. केर यांना ते मंत्रिपद मिळाले नाही. संघीय अपील न्यायालयानेही १९९५ मध्ये या चौकशीमागील हेतूबद्दल गंभीर संशय नोंदविला होता.

पदच्युतीनंतर केर यांचे कार्य संपले नाही. किंबहुना त्याचे क्षेत्र राष्ट्रव्यापी झाले. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी उच्च शिक्षण आयोगाचे (१९६७–७३) व त्यानंतरच्या कार्नेगी धोरण अध्ययन परिषदेचे (१९७४–७९) ते प्रमुख होते. या दोन संस्थांनी शंभराहून अधिक अहवाल व ग्रंथ प्रसिद्ध केले. उच्च शिक्षणाचा एवढा पद्धतशीर अभ्यास तोपर्यंत कोणत्याही देशात झालेला नव्हता. केंद्र शासनाने साहाय्य संस्थांना न देता गरजू विद्यार्थ्यांना थेट द्यावे, म्हणजे संस्था निवडण्याची मोकळीक विद्यार्थ्यास राहील, या आयोगाच्या भूमिकेचा १९७२ च्या कायद्यावर प्रभाव पडला. त्या कायद्यातील अनुदाने पुढे सिनेटर पेल यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकेतील उच्च शिक्षणसंस्थांचे कार्यानुसार वर्गीकरण आयोगाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. अभ्यासकांच्या सोयीसाठी केलेल्या या यादीचा उपयोग संस्थांनी आपली प्रतिष्ठा मोजण्यासाठी सुरू केला, ही गोष्ट आयोगाच्या अपेक्षेबाहेरची होती. लवादाचे काम केर यांनी कधीच पूर्णपणे सोडले नाही. १९८४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, टपाल खाते व त्याच्या कामगार संघटना यांच्यातील मोठ्या वेतनतंट्यात लवाद मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

केर यांच्या लेखनात इंडस्ट्रिअ‍ॅलिझम अँड इंडस्ट्रिअल मॅन (१९६०) हा जॉन डनलप, फ्रेडरिक हार्बिसन व चार्ल्स मायर्स यांच्या सहकार्याने लिहिलेला ग्रंथ महत्त्वाचा आहे. औद्योगिकीकरणामुळे भिन्न राजकीय व्यवस्थांचे समाजही कालांतराने एकमेकांसारखे होत जातात, असा सिद्धांत त्यात मांडला असून त्यावर बराच वाद झाला. द यूसेस ऑफ द युनिव्हर्सिटी या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि प्रत्येक वेळी केर त्यास नवी प्रकरणे जोडीत गेले. आपले पूर्वीचे अंदाज कोठे चुकले, हेही त्यांनी त्यांत मोकळेपणाने लिहिले. द गोल्ड अँड द ब्ल्यू (दोन खंड, २००१ व २००३) या आठवणींतील पहिला खंड विद्यापीठाच्या उभारणीचा व दुसरा त्याच्या राजकीय वादळांचा आहे. दुसरा खंड प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील एल सेरिटो येथे त्यांचे निधन झाले.